छापलेली दाढ

समजा, तुम्हाला एक दाढ करायची आहे. शोभेची नाही, खरी. माणसाच्या तोंडात बसणारी आणि उद्या सकाळी भाकरी चावणारी. ती ज्याच्यासाठी करायची, तो माणूस तुम्ही पाहिलेला नाही. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरच्या खुर्चीतून उठून केव्हाच घरी गेला आहे. त्याचं तोंड मात्र तुमच्यासमोरच्या पडद्यावर तरंगतं आहे: हिरड्या, दात आणि मधोमध डॉक्टरनं कोरून बारीक केलेला एक खुंट. माऊस फिरवला की तोंड फिरतं. खुंटाच्या कडेनं रेघ ओढा. ती केसाएवढी चुकली तरी फटीत अन्न शिरणार आणि कीड लागणार. मग त्या खुंटावर दाढ उभी करा. तिची उंची, तिचा फुगवटा, शेजारणीला किती टेकायचं, सगळं तुम्हीच ठरवा. आधाराच्या बारीक काड्या लावा आणि मशीनला पाठवा. मशीनच्या ताटलीत सायीसारखं दाट रेझिन असतं, त्यात सिरॅमिकची पूड मिसळलेली. खालून प्रकाश पडला की एक थर घट्ट होतो, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. दाढ उलटी लटकत हळूहळू वर येते, ओलीचिंब, निथळणारी. तिला स्पिरिटमध्ये धुवा, काड्या कापा, प्रकाशाच्या पेटीत ठेवून पक्की करा, घासा, चमकवा.

झाली दाढ. आता ती एका छोट्या पिशवीत घाला आणि पाठवून द्या. ती कुणी घातली, कशी चावली, आवडली की बोचली, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. कळलंच, तर ती तुटल्यावर कळेल.

अपेक्षा गजभियेला ते तसंच कळलं.

अपेक्षा नागपूरच्या महाल भागातल्या एका लॅबमध्ये काम करते. खाली साड्यांना फॉल-पिको करून देणारं दुकान, बाजूनं अंगाला घासणारा जिना आणि वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत लॅबचे मालक नत्थूजी पराते बसतात. त्यांच्याभोवती बर्नर, मेण, धातू ओतायची भट्टी आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. नत्थूजींचे वडील हातमागावर बसायचे. नत्थूजी माग सोडून दातांकडे वळले आणि त्यांनी अर्ध्या नागपूरच्या तोंडात मेटलच्या कॅपा, म्हणजे खुंटावर चढवायच्या दाढा, बसवल्या. मागच्या खोलीत प्रिंटर आहे. त्याच खोलीत लॅबमधला एकुलता एक एसी आहे, कारण मे महिन्यातलं नागपूर माणसाला सोसतं, रेझिनला सोसत नाही.

"तुही मशीन सासरी आलेल्या जावयावानी थंडीत बसते," नत्थूजी म्हणायचे, "अन् म्हातारा इकडे कूलरसमोर पंचा ओला करून राहिला."

"या ना मग मागच्या खोलीत, काका. खुर्ची ठेवतो," अपेक्षा म्हणायची.

"नाई बाप्पा. मले तुह्या त्या रेझिनचा वास नाई चालत. धातूचा वास असा असते का, आपण काही केलं असं वाटते."

अपेक्षा सावनेरची. वडील कोळशाच्या खाणीत. घरात कॉलेजचा जिना चढणारी ती पहिली. दंतवैद्यक थोडक्या मार्कांनी हुकलं, तेव्हा तिनं दात बनवायचा कोर्स घेतला आणि पहिल्याच महिन्यात तिला कळलं की आपल्याला हेच हवं होतं. तिची आई सरिताबाई शेजारणींना सांगायची, "पोरगी नागपूरले दात छापते." शेजारणी विचारायच्या, "पेपर छापतात तसे?" अपेक्षाला या प्रश्नाचा राग यायचा नाही. "तसेच," ती सांगायची, "फक्त वाचून झाल्यावर रद्दीत टाकता येत नाहीत."

खरं तर टाकावेच लागत होते. प्रिंटरवर ती करायची त्या सगळ्या कॅपा तात्पुरत्या होत्या. खरी कॅप तयार होईपर्यंत तोंड झाकायला एक, आणि दोन आठवड्यांत कचऱ्यात. खरी म्हणजे नत्थूजींची. कायमच्या कॅपांचं वेगळं रेझिन कपाटात आलं होतं. त्यावरचं सगळं ती वाचून बसली होती. डॉक्टर मात्र मान हलवायचे. प्रिंटरचं ना? टेम्पररी ठीक आहे. पर्मनंट मेटलच पाठवा.

मनीषनगरच्या डॉक्टर नूपुर काळमेघ तेवढ्या कबूल झाल्या, त्याही अपेक्षानं बरेच महिने पिच्छा पुरवल्यावर. एक पेशंट, एक दाढ, उजवीकडची खालची. अपेक्षानं ती जीव ओतून केली. पडद्यावर बघताना तिला वाटलं, पुस्तकातल्या चित्रातही इतकी देखणी दाढ नसेल. टोकं टोकाच्या जागी, खाचा खाचांच्या जागी.

मग एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला.

"अपेक्षा, घोरमाडेंची कॅप तुटली. अर्धी घेऊन आलेत."

"आणि अर्धी?"

"अर्धी गिळली त्यांनी."

अपेक्षानं हातातली कॅप खाली ठेवली.

"त्यांना काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण ते आता मेटल मागतायत आणि मला ते नाही म्हणता येत नाही. सॉरी. यापुढे तुझं प्रिंटरचं काम फक्त टेम्पररी."

अर्धी कॅप दुपारी पिशवीतून लॅबमध्ये आली. नत्थूजींनी ती चष्मा वर करून पाहिली.

"मी काय म्हटलं होतं? पलास्टिक ते पलास्टिक. बादली तुटते, मग्गा तुटते, मंग दात नाई तुटन?"

"काका, बादलीत अर्धं सिरॅमिक नसते."

"तेच तं! सिरॅमिकची अर्धी ऱ्हायली, पलास्टिकची अर्धी त्यानं गिळली." नत्थूजी स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. मग जरा मऊ होऊन म्हणाले, "मेटल टाकून देतो मी. तू कायले डोकं लावतं? टेम्पररीत काय खराबी आहे? रोजचं काम आहे."

"मले टेम्पररी नाही करायचं."

"काहून?"

"तुम्ही आयुष्यभर टेम्पररी केलं असतं का?"

नत्थूजींनी बर्नर पेटवला आणि मेण उचललं. पण घोरमाडेंच्या मेटल कॅपचं काम त्यांनी त्या दिवशी हाती घेतलं नाही, हे अपेक्षानं पाहिलं.

तिनं आधी मशीनवरच संशय घेतला. त्याच बाटलीतून, त्याच मापाच्या कॅपा पुन्हा छापल्या. प्लास्टरच्या खुंटावर बसवून त्या शिकंज्यात धरल्या आणि दांडा आवळत गेली. कॅपा जशाच्या तशा राहिल्या, खालच्या प्लास्टरचा मात्र भुगा झाला. म्हणजे माल चांगला होता आणि प्रकाशाची पेटीही चांगली होती. मग तिनं तुटलेला अर्धा तुकडा भिंगाखाली धरला. चीर एका टोकापासून निघाली होती, आणि त्या टोकाच्या उतारावर नखाच्या टोकाएवढी जागा गुळगुळीत झाली होती. काहीतरी तिथं येऊन घासत होतं. वरून नाही, बाजूनं. पडद्यावर मात्र सगळं बरोबर दिसत होतं. तोंड मिटलेलं, वरचा दात खालच्या खाचेत नीट बसलेला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. दात करणारी माणसं पेशंटला भेटत नाहीत. तसा नियम कुठं लिहिलेला नसेल, पण रीत पक्की आहे. पेशंट डॉक्टरचा, साचा लॅबचा. नत्थूजींनी इतकी वर्षं काम केलं, तरी रस्त्यात आपली कॅप घातलेला माणूस समोर आला तर त्यांनी तोंडाकडे पाहून ओळखायचं आणि गप्प पुढं जायचं.

घोरमाडेंच्या कागदावर गाव सावनेर लिहिलेलं होतं. अपेक्षा रविवारी सावनेरला घरी गेली आणि चपला काढता काढता आईला विचारलं, "चंपतराव घोरमाडे कुठी राहतात, माहीत आहे का?"

"जिनिंगवाले?" सरिताबाई म्हणाल्या. "त्याइले कोण नाई वळखत? दात गिळला ना त्याइनं!"

सगळ्या गावाला माहीत होतं.

चंपतराव कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले, आता घरची शेती पाहणारे, उंच, ताठ आणि मिशा राखणारे गृहस्थ. अंगणात बाजेवर बसून ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. पलीकडे त्यांच्या बायको रुखमाबाई तुरीची डाळ पाखडत होत्या. अपेक्षानं स्वतःचं नाव सांगितलं, काम सांगितलं. अडकित्ता थांबला.

"म्हणजे तूच का वं ते मशीनवाली?"

"हो काकाजी. तुमची कॅप मीच केली होती."

"तं मंग बस. पाहू दे मले नीट." त्यांनी खरोखरच तिला आपादमस्तक पाहिलं. "तेरवीच्या जेवणात बसलो होतो. जेवण झालं, सुपारी टाकली तोंडात, अन् कट्ट! मले वाटलं सुपारीच फुटली. गिळून टाकली. मंग जीभ फिरवली तं दातच नाई! आता सकाळी फिरून आलो का जो तो इचारते, काय गा चंपत, निघाला का दात?"

रुखमाबाई सुपात तोंड घालून हसायला लागल्या.

"हास तू. तुलेबी बसवतो मशीनचा."

"मले कायले? माह्या तोंडात का दिवसभर चक्की चालते?" रुखमाबाई म्हणाल्या. "तंबाखूचा खर्रा सोडला डॉक्टरीणबाईच्या धाकानं, पण सुपारी नाई सुटली. झोपेतबी जबडा चालूच असते यायचा."

अपेक्षानं कान टवकारले. "काकाजी, एक काम करा ना. चावून दाखवा."

"काय?"

"सुपारी. तुम्ही रोज चावता तशी."

"हे काय तमाशा पाहाले आली काय?" असं म्हणत चंपतरावांनी सुपारीचं खांड उजव्या गालात सारलं आणि चावायला लागले. अपेक्षा समोर उकिडवी बसून त्यांचा जबडा पाहू लागली. तो वरखाली जातच नव्हता. आडवा जात होता. उजवीकडे सरकायचा, घासायचा, परत यायचा, पुन्हा सरकायचा. गालाखालचा स्नायू लिंबाएवढा फुगायचा. जातं फिरतं तसं काहीतरी चाललं होतं, आणि तेही संथ, कुणी घाई करू नये असं.

"आता डावीकडे टाका."

"डावीकडे? काहून?"

"पाहायचं आहे."

चंपतरावांनी जिभेनं खांड डाव्या बाजूला ढकललं. दोनदा चावलं, तिसऱ्यांदा जीभ चावली, आणि खांड थुंकून टाकलं. "नाई जमत. डावी बाजू माही नाईच समज. तिले कामाले लावलंच नाई कधी."

अपेक्षा अंगणात तशीच बसून राहिली. तिला एकदम सगळं दिसलं. कॉम्प्युटरमध्ये एक सोय असते. उजवीकडची दाढ करायची आणि तिचा मूळ आकार माहीत नाही, तर डावीकडची दाढ उचला आणि आरशातल्यासारखी उलटवून इकडे बसवा. देवानं दोन्ही बाजू सारख्याच दिल्या आहेत असं धरून चालायचं. तिनं तेच केलं होतं. पण चंपतरावांच्या तोंडात दोन वयं नांदत होती. उजवीकडचे दात म्हातारे, घासून सपाट झालेले. डावीकडचे कोवळे, टोकदार, पंचविशीतल्या पोरासारखे. आणि तिनं पंचविशीतली दाढ उचलून त्या फिरत्या जात्याच्या वाटेत उभी केली होती. तोंड मिटलं की सगळं छान. जबडा आडवा सरकला की वरचा दात दर वेळी त्या देखण्या टोकाला धडक देणार.

"चूक माझी होती काकाजी," ती म्हणाली. "मशीनची नाही, मालाचीही नाही. मी पुन्हा करून देते."

"नको बाई. लोखंडाची बसवून घेतो, मोकळा होतो."

"लोखंडाची आधी होती ना तुमच्याकडे?"

"होती. मस्त होती. काहीच झालं नाई तिले."

"अन् वरच्या दाताले?"

चंपतरावांनी जिभेनं वरचा दात चाचपला. लोखंडाच्या कॅपनं घासून त्या दाताची वाटी झाली होती, हे तिनं पडद्यावर पाहिलं होतं. रुखमाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"पण तुले काय पडलं एवढं?" चंपतराव म्हणाले. "तू का डॉक्टर आहे? पैसे तं डॉक्टरीणबाईले दिले मी. तुहं तं नावबी मले आत्ता समजलं."

"तेच तं," अपेक्षा म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटलं त्यापेक्षा चढला. "गाव तुम्हाले हसून राहिलं काकाजी. तुम्ही काय केलं? सुपारी खाल्ली. दात मी केला. हसायचं तं मले हसा ना! पुन्हा तुटला, तं या अंगणात येऊन बसतो मी. ज्याले हसायचं त्यानं माझ्या तोंडाकडे पाहून हसावं."

चंपतराव बायकोकडे वळून म्हणाले, "पोरगी भांडखोर आहे."

"तुमच्यासाठीच भांडून राहिली नं," रुखमाबाई म्हणाल्या. "चहा मांडतो मी."

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर नूपुरनी तिला क्लिनिकमध्ये बोलावून घेतलं. चंपतरावांनी त्यांना फोन करून सांगितलं होतं की तुमची मशीनवाली पोरगी घरी येऊन गेली, पुन्हा तिच्याकडूनच करा. त्यांना वाटलं असावं, डॉक्टरीणबाई खूश होतील.

"तू माझ्या पेशंटच्या घरी गेलीस?" डॉक्टरांनी दार लावून घेतलं. "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही, मॅडम."

"लॅबनं पेशंटकडे जायचं नसतं, हे तुला मी सांगायला पाहिजे का? उद्या त्यांना काही झालं तर उत्तर मी देणार आहे. तू नाही."

"बरोबर आहे. पण गेले नसते तर पुन्हा तीच दाढ केली असती. आणि पुन्हा तुटली असती."

"अपेक्षा, हा माफी मागायचा सूर नाहीये."

"न विचारता गेले, त्याची माफी मागते. गेले त्याची नाही." ती म्हणाली. "मॅडम, तुम्ही मला तोंड पाठवता. मिटलेलं. ते तोंड चावतं कसं, हे मला पडद्यावर कुठं दिसणार? टेम्पररी होती तोवर चालून गेलं, दोन आठवडे कोणीही सांभाळून खातं. कायमची करायची तर मला चावणारा माणूस पाहिजे."

डॉक्टर चिडलेल्या होत्या, पण त्या ऐकत होत्या. डाव्या-उजव्याची गोष्ट अपेक्षानं सांगितली तेव्हा त्यांनी स्वतःच कॉम्प्युटरवर चंपतरावांचं तोंड उघडलं, फिरवलं, दोन्ही बाजू शेजारी लावल्या आणि बारीक डोळे करून पाहत राहिल्या.

"तोंड सुन्न केलेलं होतं मी, त्या दिवशी," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "दातावर दात कसा बसतो ते बघताना त्यांनी नुसतं टकटक केलं. सरकवलाच नाही जबडा." मग म्हणाल्या, "मेणात चावून घ्यायची एक जुनी पद्धत आहे. खुंटावर मऊ मेण ठेवायचं आणि पेशंटला मनसोक्त चावू द्यायचं. वरचा दात जिथं जिथं जातो तो सगळा रस्ता मेणात उमटतो. कॉलेजमध्ये केलं होतं मी. ते मेण स्कॅन केलं तर?"

"तर मला त्या रस्त्याच्या खाली दाढ बांधता येईल," अपेक्षा म्हणाली. तिला टाळी वाजवावीशी वाटली, पण वातावरण तसं नव्हतं.

"ठीक आहे. पण माझ्या अटींवर. पेशंट माझ्या खुर्चीत, तू माझ्या शेजारी. घरी-बिरी जायचं नाही. त्यांनी सुपारी सोडायची. आणि या वेळी तुटली तर तुझा प्रिंटर कायमचा टेम्पररीला. मग पिच्छा पुरवायचा नाही."

"कबूल. पण नाही तुटली तर पर्मनंट. फक्त यांची नाही, इतरांचीही." मग ती म्हणाली, "आणि सुपारी त्यांनी सोडायलाच पाहिजे मॅडम, त्यांच्या जिवासाठी. तुम्ही सांगा, मीही सांगते. पण माझी दाढ टिकावी म्हणून नको. ते सोडणार नाहीत असं धरूनच मी दाढ करणार."

चंपतराव ठरल्या दिवशी मिशा विंचरून आले. डॉक्टरांनी मेण ठेवलं आणि चावायला सांगितलं. चंपतरावांनी सभ्य माणसासारखं दोनदा वरखाली चावलं.

"असं नाही काकाजी," अपेक्षा म्हणाली. "अंगणात चावत होते तसं."

"त्यात सुपारी होती. याले काई चवच नाई."

"सुपारी आहे असं समजा."

"कोणती? भाजकी का कच्ची?"

"काका!" डॉक्टर म्हणाल्या.

"इचारावं लागते ना बाई. चावणं वेगळं असते." आणि त्यांनी डोळे मिटून जबडा आडवा सरकवला. संथ, घाई नसलेला. डॉक्टर नूपुर मास्कच्या वर भुवया उंचावून पाहत राहिल्या.

मेण स्कॅन होऊन लॅबमध्ये आलं. अपेक्षानं या वेळी डावी दाढ उचलली नाही. उजव्या शेजारणींचे झिजलेले उतार घेतले, मेणातला रस्ता वर पसरला आणि त्याला लागेल तेवढं सगळं कापून काढलं. टोकं गेली. खाचा उथळ झाल्या. जिथं चीर गेली होती तिथं तिनं जाडी वाढवली. पडद्यावर जे उरलं ते पाहायला नत्थूजी पंचा खांद्यावर टाकून मागच्या खोलीत आले.

"हे दाढ होय का वरवंट्याचं टोक?"

"चंपतरावांची दाढ होय."

"इतकी बेढब दाढ माह्या लॅबमधून गेली नाई आजवर. लोक म्हणतील नत्थूजीचा हात गेला."

"लोकांले सांगा, नत्थूजीचा हात नाही, अपेक्षाचा आहे. मले चालते."

नत्थूजी थोडा वेळ एसीच्या थंडीत उभे राहिले. "छाप बाई," ते म्हणाले. "पण तुटली तं मी तुह्या बाजूनं नाई बोलणार."

"बोलू नका. मी बोलतो."

दाढ बसवायच्या दिवशी डॉक्टरांनी ठसा उमटवणारा निळा कागद दातांमध्ये ठेवून चंपतरावांना चावायला लावलं, सरकवायला लावलं, पुन्हा चावायला लावलं. दोन ठिकाणी थोडं घासलं. चंपतरावांनी आरसा मागितला, तोंड वाकडंतिकडं करून पाहिलं आणि निकाल दिला, "जुनीच वाटते. माह्याच वयाची." अपेक्षाला इतकी शाबासकी कॉलेजात कोणी दिली नव्हती. सुपारी सोडण्याबद्दल डॉक्टर दहा मिनिटं बोलल्या, अपेक्षाही बोलली. चंपतरावांनी हो, हो म्हणत मान डोलावली आणि दोघींनाही कळलं की हे होणे नाही.

मग वाट पाहणं. लॅबमधला फोन वाजला की अपेक्षाचा हात थबकायचा. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, पोळा झाला. सावनेरला गेली की आई न विचारता सांगायची, "दिसले होते बाजारात. चावतच होते." दिवाळीनंतर चंपतराव तपासणीला आले. दाढ जागेवर होती, अख्खी. वरच्या दातालाही नवी इजा नव्हती. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवून अपेक्षाला फोन केला. "पर्मनंट पाठवत जा," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येकाचं मेण घेणार मी. आणि मेण घेताना तू यायचं." नत्थूजींनी बातमी ऐकली आणि कपाटातलं कायमचं रेझिन स्वतःच्या हातानं पुढच्या फळीवर आणून ठेवलं. वासाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

अपेक्षानं मात्र तपासणीचं स्कॅन मागवून घेतलं आणि पडद्यावर दाढ बसवल्या दिवशीच्या स्कॅनवर ठेवून पाहिलं. दाढ जरा झिजली होती. थोडीच, पण झिजली होती. उजव्या उताराचा पातळ पापुद्रा चंपतरावांच्या जबड्यानं खाऊन टाकला होता. तिनं ते लपवलं नाही. डॉक्टरांना पाठवलं, नत्थूजींना दाखवलं. "झिजन नाई तं काय," नत्थूजी म्हणाले, "माणूसबी झिजते." पण तिचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. हे झिजणं असंच चाललं तर किती काळ पुरेल? तिनं रेझिनची माहिती पुन्हा वाचली. तिथं 'पर्मनंट' हा शब्द मोठ्या अक्षरात होता, पुढं काहीच नव्हतं.

गेल्या महिन्यात त्या रेझिनच्या कंपनीचा माणूस नागपुरात आला. सीताबर्डीवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये डॉक्टर पुढच्या रांगांत, लॅबवाले मागं, चहाच्या टेबलाजवळ. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र, टोकदार, देखण्या दाढा एकामागून एक येत होत्या. माणूस म्हणाला, आता काही प्रश्न असतील तर विचारा. पुढून दोन-तीन प्रश्न आले, किमतीचे, रंगांचे. मग मागून अपेक्षा उभी राहिली.

"याची चाचणी कशी घेतली तुम्ही?"

"चावण्याच्या यंत्रात, मॅडम. लाखो वेळा."

"ते यंत्र चावतं कसं?"

"एक गोळी वरून दाबते. थोडी सरकते, परत येते."

"आणि मध्ये काय असतं?"

"पाणी."

"नुसतं पाणी?"

"हो. तीच पद्धत असते." तो हसला. "का बरं?"

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी वळून पाहिलं, कुणीतरी घड्याळ पाहिलं. लॅबवाल्यांपैकी कोणी सहसा प्रश्न विचारत नसे. डॉक्टर नूपुर दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी वळून अपेक्षाकडे पाहिलं आणि बसायची खूण केली नाही.

"माझ्याकडे एक पेशंट आहेत," अपेक्षा म्हणाली. माझ्याकडे म्हणाली, आणि तसंच राहू दिलं. "एकाच बाजूनं चावतात. आडवं. दिवसभर सुपारी. असे आमच्याकडे गल्लीगल्लीत आहेत. त्यांच्यासाठी केलेली दाढ तुटली नाही, पण झिजून राहिली आहे, मी मापून पाहिलं. मला त्यांना सांगायचं आहे, ही किती वर्षं पुरेल ते."

"विचारून कळवतो, मॅडम," तो म्हणाला आणि पुढच्या चित्राकडे वळायला लागला.

अपेक्षा बसली नाही.

"कळवा. पण एवढं आत्ता सांगा," ती म्हणाली. "पाणी सोडून, चावणाऱ्या एखाद्या माणसाच्या तोंडात हे कोणी पाहिलं आहे का?"